मुनारा नंबर एक्केचाळीस

लहानू निमगडेच्या घराची मागची भिंत पाहिली नाही असा माणूस निंबाटोल्यात शोधून सापडला नसता. कुरखेड्यापासून दोन कोसांवरचा हा टोला, म्हणजे लहानशी वस्ती. तिथं पाहण्यासारखं तसं काही नाही. एक बोडी, म्हणजे लहानसं तळं, बोडीच्या पाळीवर मोहाची चार झाडं, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची सगळ्यांना सारखीच हौस. म्हाताऱ्यानं कोळसा घेऊन भिंत काळी करायला सुरुवात केली, तशी कुणी विस्तव मागायला म्हणून आलं, कुणी हरवलेली कोंबडी शोधायला म्हणून आलं, आणि सगळे परसात उभे राहून, मान वाकडी करून भिंत बघून गेले.

भिंतीवर एक लांब रेघ होती. ती डावीकडे टोल्यापासून निघायची, कोहका पहाडावर चढायची, माथ्यावरून आडवी जायची आणि उजवीकडे रेंगेटोल्याला उतरायची. रेघेवर फुल्या होत्या, फुल्यांखाली आकडे होते, आणि एक्केचाळीस या आकड्याभोवती गोल काढलेला होता.

"लहानूभाऊ, सर्गाले जाची वाट काढून राह्यले का?" शेजारच्या नथ्थूनं विचारलं. नथ्थू धान पिकवायचा, पण त्याचं खरं पीक म्हणजे लोकांची टिंगल. ते बारमाही यायचं.

"सर्ग मानत नाई मी," लहानू म्हणाला. "पहाड मानतो."

खरं पाहता रेंगेटोल्याला जायला सरळ वाट होती. कुरखेड्याहून मोटारीनं पहाडाला वळसा घालायचा, फाट्यावर उतरायचं आणि पुढे तीन कोस पायी जायचं. डोकं ठिकाणावर असलेला माणूस तसाच गेला असता. पहाडावरून वाटच नव्हती. एके काळी लहानूनंच तिथं एक रेघ पाडली होती, जंगलाच्या हद्दीची. पण तिला आता बावीस वर्षं झाली होती. तेव्हा जिल्ह्याला चांदा म्हणत. मधल्या काळात जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली वेगळा निघाला, लहानू नोकरीतून सुटला, दोन वर्षांमागे त्याची बायको कमळा गेली, आणि ती रेघ बांबूच्या पोटात गडप झाली.

लहानू मोजणीच्या पार्टीत खलाशी होता. नाव खलाशी, पण पाण्याशी काही संबंध नाही. साखळी ओढायची, मुनारे रचायचे, साहेबाचा तंबू वाहायचा. मुनारा म्हणजे हद्दीवर रचलेला दगडांचा ढीग. एका दगडावर छिन्नीनं त्याचा नंबर कोरलेला. साखळीला दोन माणसं लागतात. पुढचा माणूस टोक धरून चालतो, साखळी ताठ झाली की लोखंडी सळई रोवतो. मागचा येऊन ती सळई उपटतो. पुढचा होता रेंगेटोल्याचा मंगरू हलामी, आणि मागचा लहानू. दोघांच्या मध्ये कायम सहासष्ट फूट. पुढून मंगरू ओरडायचा, "आला का?" मागून लहानू म्हणायचा, "आलो." दिवसभरात दुसरं बोलणं नाही. नऊ वर्षं लहानूनं मंगरूची पाठ पाहिली, आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर एका चुलीवर भात शिजवला.

ही एका चुलीची गोष्ट साधी नव्हती. लहानूच्या बापानं छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती, आणि धर्म बदलला तरी लहानूच्या हातचं पाणी पार्टीतली बाकीची माणसं दहा कारणं काढून टाळायची. एकाला म्हणे तहानच लागत नसे. मंगरूनं पहिल्याच दिवशी लहानूच्या खांद्यावरचा वाळक्या भोपळ्याचा तुंबा न विचारता काढला, तोंडाला लावला आणि रिकामा करून परत दिला. लहानूनं त्या दिवशी चिडून त्याला शिवी दिली होती, कारण पुढचं पाणी कोसभर लांब होतं. पण तो तुंबा त्यानं पुढे जन्मभर जपून ठेवला.

गेल्या पौषात कुरखेड्याच्या बाजारात डिंक विकायला आलेल्या एका बाईनं लहानूला गाठलं आणि निरोप दिला. निरोप मंगरूच्या बायकोचा, ठमाबाईचा होता. हलामींच्या घरात रीत अशी की माणूस गेला म्हणजे त्याच्या नावाचा दगड गावाबाहेरच्या ओळीत उभा करायचा, आणि माणूस बाहेर कुठे मेला असेल तर दगड त्याच जागेवरून आणायचा. मंगरू मेला तो एक्केचाळीस नंबरच्या मुनाऱ्यापाशी. ज्या पाच जणांनी त्याला तिथं मातीत ठेवला, त्यांतला आता एकटा लहानू उरला होता.

"भाऊले म्हणाव, ओळीत त्याच्या बाजूची जागा माही आहे," असं ठमाबाईनं सांगून पाठवलं होतं. "त्याचाच दगड नाई, त माहा कुठी लावतीन?"

लहानूनं भर बाजारात मान डोलावली. मग घरी येऊन कोळसा घेतला आणि भिंतीपुढे बसला.

विहारात लोक म्हणाले, बुद्धाचा माणूस तू, आत्मा-बित्मा मानत नाहीस, मग हे दगड उभे करण्याचं काय काढलंस? लहानू म्हणाला, आत्मा मानत नाही, पण मंगरूला तर मानत होतो ना. यावर सगळ्यांनी त्याला हट्टी ठरवून टाकलं.

दगड आणायचा होता हे खरं. पण लहानूचं मुख्य काम दगडाचं नव्हतं. ठमाबाईला त्याला एक गोष्ट सांगायची होती. ती सांगावी लागेल म्हणून तर बावीस वर्षं त्यानं तिला तोंड दाखवलं नव्हतं. मंगरू गेल्याची खबरसुद्धा त्यानं दुसऱ्याच्या हाती पाठवली होती. मोटारीत बसून, रिकाम्या हातानं जाऊन ती गोष्ट सांगायची त्याची छाती नव्हती. मंगरू मेला त्या जागेवरून, त्याचा दगड पाठीवर घेऊन, चालत तिच्या दारात गेलो तर जीभ उचलेल, असं त्याला वाटत होतं. बाकी त्याला या जगात आता काही करायचं उरलं नव्हतं.

ती गोष्ट अशी होती.

मंगरूच्या लोकांत जंगलातलं अंतर पानानं मोजत. हिरवी डहाळी तोडायची, हातात धरून चालायला लागायचं. तिची पानं मान टाकतील तेवढं चालणं म्हणजे एक पान. पहिल्यांदा ऐकून लहानू खोखो हसला होता. सरकारची साखळी खांद्यावर असताना पान कसलं मोजतोस? मग एका चैत्रात त्यानं मुद्दाम पडताळा घेतला. एक पान बरोबर दोन मैलांचं निघालं, साखळीभराचाही फरक नाही. तेव्हापासून पानावर त्याचा विश्वास बसला.

चौसष्ट सालच्या माघात पार्टी पहाडाच्या पायथ्याला उतरली होती आणि एक्केचाळीस नंबरचा मुनारा पुरा करायला हे दोघंच वर राहिले होते. दुपारी मंगरूला ताप भरला. थंडी वाजून असा फणफणला की दात वाजताना ऐकू यायचे. दोन्ही तुंबे संपले होते. मंगरू अंगानं लहानूच्या दीडपट. त्याला उचलून नेणं शक्य नव्हतं. मंगरू म्हणाला, "ह्या नाल्यानं खाली जा. दोन पानांवर झिरा आहे." लहानूनं लाकडं गोळा करून त्याच्याजवळ आग पेटवली. निघताना मंगरूनं आपल्या अंगावरची घोंगडी काढली आणि त्याच्या खांद्यावर टाकली. "गारठा आहे, घेऊन जा." लहानू नको म्हणाला, तर मंगरू असा काही रागावला की तापलेल्या माणसाशी वाद नको म्हणून त्यानं ती घेतली.

मग जांभळीची एक डहाळी तोडून तो नाल्यानं उतरू लागला. चालला, चालला, पण डहाळी तशीच हिरवी. पाय सांगत होते की चार मैल कधीच झाले. पण लहानूनं पायाचं ऐकलं नाही, पानाचं ऐकलं. झिरा कुठे दिसला नाही. दिवस बुडता बुडता नाला संपला आणि तो थेट पार्टीच्या तंबूंपुढे येऊन उभा राहिला, आणि हातातली डहाळी अजून टवटवीत होती. त्या अंधारात साहेबानं कुणाला वर जाऊ दिलं नाही. सकाळी पाच जण वर गेले तेव्हा आग विझलेली होती आणि मंगरू मुनाऱ्याला टेकून बसलेला होता. पाठ इकडे, तोंड पलीकडे रेंगेटोल्याकडे.

पुढे चैत्रात कधीतरी एक डहाळी लहानूच्या हातात घटकाभरात कोमेजली आणि त्याला कळलं. उन्हाचं पान वेगळं, थंडीचं पान वेगळं. एवढी साधी गोष्ट. साखळी ओढून हयात गेलेला माणूस अंतर चुकला होता. झिरा वाटेत कुठेतरी मागे राहून गेला आणि त्यापायी त्याचा एकुलता एक साथीदार पाण्यावाचून, घोंगडीवाचून मेला होता. हे त्यानं कमळालाही कधी सांगितलं नाही. ती बिचारी समजायची की नवऱ्याचा स्वभावच घुमा आहे.

म्हणून या वेळच्या योजनेत पान नव्हतं. सगळं पावलांत होतं. सव्वीस पावलं म्हणजे एक साखळी, ऐंशी साखळ्या म्हणजे मैल. पहिला दिवस एकोणीस नंबरपर्यंत, दुसरा एक्केचाळीसपर्यंत, तिसऱ्या दिवशी उतरण. दोन मुनाऱ्यांमधल्या साखळ्या त्याला पाठ होत्या; त्या त्यानं फुल्यांखाली लिहिल्या. वाट सापडली नाही तर काय, बांबू आडवा आला तर पहाडाच्या कुठल्या धारेनं वळायचं, हेही काढून ठेवलं. पाण्याच्या जागा त्यानं तीन वेळा पुसल्या आणि तीन वेळा लिहिल्या.

पाठीवर दगड घेऊन उतरायचं म्हणजे सवय हवी. लहानूनं जुनी किटबॅग काढली, तिच्यात कमळाचा मसाला वाटायचा पाटा घातला आणि रोज सकाळी बोडीच्या पाळीवरून फेऱ्या मारायला लागला. बासष्ट वर्षांचा माणूस पाठीवर पाटा घेऊन गोल गोल फिरतोय म्हटल्यावर नथ्थूचं फावलं.

"भाऊ, पाटा घेतला, आता वरवंटा मी धरू का?"

लहानू मोजत होता. मध्ये बोललं तर आकडा चुकतो, म्हणून तो चालत राहिला. दर सव्वीस पावलांना त्याचे ओठ हलायचे. नथ्थूला वाटायचं म्हातारा आकडा म्हणतोय. म्हातारा म्हणायचा, "आलो."

दिवाळीत त्याचा मुलगा गुणवंत माजरीहून आला. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. पोरगा वाईट नव्हता, पण बापाशी काय बोलावं हे त्याला कधीच कळलं नव्हतं, आणि बापालाही नव्हतं.

"बाबा, आता चला माझ्यासंग. क्वार्टर आहे, नळ आहे, लाइट आहे. इथी कोन आहे तुमचं?"

"माघ होऊ दे. येतो."

"माघात काय आहे?"

लहानूनं भिंत दाखवली. गुणवंत रेघेवरून बोट फिरवत टोकापर्यंत गेला. मग म्हणाला, "एकटे जाल?"

"एकटाच जाईन. तिथी दोघांचं काम नाई."

पोरानं कपाळावर हात मारून घेतला, पण जाताना स्वतःची चांगली बॅटरी बापाच्या उशाशी ठेवून गेला.

माघ उजाडला. धानाची मळणी आटोपली होती, नाल्यांतून पाणी होतं आणि गवताला अजून कुणी वणवा लावला नव्हता. लहानूनं किटबॅगेत तांदूळ, मीठ, मिरच्या आणि मोहाचे लाडू भरले, डब्यात काडीपेटी घातली, दोन्ही खांद्यांवर दोन तुंबे अडकवले आणि सगळ्यांत वर ट्रंकेतली मंगरूची घोंगडी घडी करून ठेवली. बावीस वर्षांत त्यानं ती कधी पांघरली नव्हती. ती परत करायची होती. कुऱ्हाड घेऊन तो निघाला तेव्हा निंबाटोल्यात कुणी पोचवायला आलं नाही. नथ्थू तेवढा कुंपणाआडून खाकरला.

भिंतीवरची रेघ आणि पहाड यांचं पहिल्या दिवशी दुपारपर्यंतच जमलं. दोन वर्षांमागे पहाडावरचा बांबू फुलला होता आणि फुलून मेला होता. मेलेला बांबू ढिगांनी आडवा पडलेला. वरून चालावं तर काडकन पाय आत जायचा, खालून जावं तर किटबॅग अडकायची. लहानू बांबू तोडत, धारेनं वळसे घालत, परत रेघेवर येत चालला. चढताना पावलं आखूड पडतात, ती त्यानं आधीच धरली होती. बांबूत पावलंच पडत नाहीत, हे धरलं नव्हतं. एकोणीस नंबरला पोचायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. मुनारा ढासळला होता, पण नंबराचा दगड पालथा पडलेला सापडला. लहानूनं तो सरळ केला, पुसला आणि त्याला फार बरं वाटलं. मोजणीवाल्याला आपला आकडा जागेवर सापडण्यासारखं सुख नाही.

तिथून पुढे माथा होता. निघाल्यापासून तीन दिवस माणसाचा आवाज नव्हता. एक पाखरू सारखं ओरडत होतं, तेही पुढे मागे राहिलं. लहानू सव्वीस मोजायचा, "आलो" म्हणायचा, आणि पुन्हा एकपासून सुरू करायचा. आधी तो हे पुटपुटायचा, नंतर मोठ्यानं म्हणायला लागला, कारण ऐकायला कुणी नव्हतं. पुढून कुणी विचारत नसताना "आलो" म्हणत राहणं किती वेड्यासारखं आहे, हे त्याला कळत होतं. तीस नंबरच्या मुनाऱ्याच्या आसपास त्याला रडू कोसळलं. तो खाली बसला, पोटभर रडला, लाडू खाल्ला आणि उठून उरलेल्या साखळ्या मोजायला लागला.

चौथ्या दिवशी सकाळी एक्केचाळीस लागला. हा मुनारा मात्र जशाच्या तसा उभा होता. मंगरूनं रचलेला होता तो. त्याची रचाई पक्की असायची. बाजूला मातीचा उंचवटा, त्यावर कुड्याचं झाड. लहानू उंचवट्यापाशी बसला. बोलावं असं पुष्कळ ठरवून आला होता, पण तिथं बसल्यावर त्याला काही सुचेना. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आलो."

मग तो पाण्याला उठला. खालच्या नाल्याकडे त्यानं पाहिलं नाही, मुद्दाम पलीकडच्या अंगाला गेला. आणि पाच साखळ्याही झाल्या नसतील, तर जांभळीच्या मुळाशी झिरा होता. दगड लावून बांधलेला, गुडघाभर, थंडगार. पाणी इथं होतं. मंगरूपासून हाकेच्या अंतरावर होतं. उलट्या दिशेला दोन पाच साखळ्या पाहण्याची बुद्धी झाली असती तर तो वाचला असता. आपल्या चुकीला आजवर जी काही थोडी सबब होती, तीही गेली असं त्याला वाटलं. त्यानं दोन्ही तुंबे भरले आणि एक नेऊन उंचवट्यावर ओतला. बुद्धाच्या माणसानं असलं काही करू नये, पण तिथं पाहायला कोण होतं.

उंचवट्याच्या पायथ्याचा एक लांबट दगड त्यानं निवडला, पाट्याएवढाच भरला. घोंगडी त्याच्याभोवती गुंडाळली, म्हणजे पाठीला रुतणार नाही. उतरणीला गुडघ्यांनी असहकार पुकारला. कित्येक ठिकाणी तो बसून, घसरत उतरला. पाचव्या दिवशी दिवस कलायच्या आत रेंगेटोला दिसला.

ठमाबाई अंगणात लाखोळीची डाळ निवडत बसली होती. केस पांढरेशुभ्र झालेले, अंगानं एवढीशी. लहानूनं तिला लगेच ओळखलं नाही, तिनंही नाही. त्यानं किटबॅग उतरवली, दगड बाहेर काढला आणि तिच्यापुढे ठेवला. ठमाबाईनं दगडाकडे पाहिलंच नाही. तिनं घोंगडीचा कोपरा उचलून डोळ्यांजवळ नेला. तिथं जळून पडलेलं भोक लाल दोऱ्यानं शिवलेलं होतं.

"हे मी शिवलं होतं," ती म्हणाली. "ही तुह्यापाशी कशी, लहानूभाऊ?"

आता सुटका नव्हती. लहानू मातीत बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. ताप, नाला, दोन पानं, हिरवी राहिलेली डहाळी, तंबू, सकाळची विझलेली आग. मध्ये थांबला नाही, कारण थांबला असता तर पुढचं निघालं नसतं. "मी चुकलो, वयनी. थंडीचं पान मले कळलं नाई. तुहा माणूस माह्या पायी मेला."

ठमाबाईचा हात लाखोळीवर थांबला.

"किती पानं म्हणला तो?"

"दोन."

"माघात?"

"माघात."

"भाऊ, थंडीत पान कोनी मोजत नाई. डहाळी सुकतच नाई, त मोजाव काय? आमच्या लेकराले बी मालूम रायते."

"तापात होता. भान नसन त्याले."

"पाणी कोन्या अंगाले सांगतलं?"

"खाली. नाल्यात."

"आन् झिरा कुठी आहे?"

"वर. इकडल्या अंगाले," लहानू हळू म्हणाला. "मी काल पाहिला."

"तो त्याच्या बापानं बांधला. चारोळीच्या दिवसात आमी समदे त्याच पाण्यावर राहो. मंगरू डोळे झाकून गेला असता तिथी." तिनं घोंगडी मांडीवर घेतली. "दोन पानांवरून पाणी आणाले जाणाऱ्या माणसाले कोनी घोंगडी देते का, भाऊ? त्यानं तुले पाण्याले नाई धाडलं. खाली धाडलं. तुह्या लोकांत."

लहानूनं मातीत बोटानं एक रेघ ओढली आणि पुसली.

"असाच होता तो," ठमाबाई म्हणाली. "ताप भरला का घरातून उठून रानात जाऊन बसे. पडलेलं कोनी पाहाव, हे त्याले खपत नव्हतं. आता आपन वाचत नाई, हे कळलं असन. तू बसून राह्यला असता त त्या थंडीत तूही गेला असता."

"मले सांगाचं होतं ना मग!" लहानू ओरडला. बासष्ट वर्षांच्या माणसाचा आवाज लहान पोरासारखा फुटला. "नऊ वरसं संग होतो. जा म्हणाचं होतं सरळ!"

"म्हणला असता त गेला असता का तू?"



दुसऱ्या दिवशी हलामींच्या ओळीत दगड उभा राहिला. त्याच्या बाजूला एका माणसाची जागा मोकळी सोडली होती. ठमाबाईनं ती पायानं मोजून पाहिली आणि तिचं समाधान झालं. लहानू निघाला तेव्हा त्यानं घोंगडी तिच्या ओट्यावर ठेवली. ती म्हातारी काठी टेकत फाट्याच्या वाटेपर्यंत मागे आली आणि तिनं घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली.

"गारठा आहे, घेऊन जा."

तीन कोसांत लहानूनं एकही पाऊल मोजलं नाही. मोटारीत तो खिडकीशी बसला. बाहेर पहाड हळूहळू मागे सरकत होता. त्याला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटत नव्हतं. बावीस वर्षं त्याला मंगरूची आठवण आली की आधी स्वतःची चूक आठवायची, आणि चुकीमागे मंगरू झाकून जायचा. चूक म्हणजे एक सोबतच होती. ती आता काढून घेतली होती, आणि मागे नुसता माणूस उरला होता. त्यानं आपल्याला जगायला पाठवलं, आणि आपण जगलो ते कसं, तर तोंड लपवून. आता तो पुन्हा नव्यानं गेल्यासारखा झाला होता.

निंबाटोल्याला पोचला तेव्हा नथ्थू कुंपणापाशी उभा होता. सात दिवसांत टिंगलीला कुणी न मिळाल्यानं तो कासावीस झाला होता, आणि थोडा घाबरलाही होता.

"आला का, लहानूभाऊ?"

लहानू थबकला. "आलो," म्हणाला.

"भेटला का मंग तुहा साथीदार?"

"भेटला."

नथ्थूनं खांद्यावरची घोंगडी पाहिली. "आन् हे त देऊन येणार होता ना? वापस काऊन आणली?"

"गारठा आहे म्हणला, घेऊन जा," लहानू म्हणाला. "दोन्ही खेपेले त्यानंच मले घरी धाडलं, नथ्थू."

नथ्थूला यात हसण्यासारखं काही सापडलं नाही. लहानू मागच्या परसात गेला, पांढरी माती कालवली आणि दिवस बुडायच्या आत भिंत पोतारून काढली. चार दिवसांनी गुणवंत न्यायला आला. माजरीच्या मोटारीत बसताना म्हाताऱ्यानं ऊन असूनही घोंगडी अंगावर घेतली होती.